आधी रिकामं करा, मग भरा

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले होते की, रिव्हॉल्व्हर भरायला वेळ लागतो ही तक्रार खरी असली तरी दोष बहुतेक वेळा भरण्यात नसतो. त्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच दिला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता: कुठला स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) घेऊ? त्यापासूनच सुरुवात करते.

प्रश्न : रेंजवर सरावासाठी .३८ स्पेशलचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर वापरतो. सुटी काडतुसं भरताना बोटं अडखळतात, एखादं काडतूस हमखास खाली पडतं. एचकेएस, सफारीलँड की रबरी पट्टी? एकच काय ते सांगा.

एकच सांगायचं तर पहिला महिनाभर काहीच घेऊ नका. सुटी काडतुसं दोन-दोन करून भरायला शिका. चेंबर, म्हणजे फिरत्या सिलिंडरमधली काडतूस बसायची भोकं, बोटांना न बघता सापडायला लागली की कुठलाही लोडर चालतो, आणि ती सापडत नसतील तर कुठलाही अडतो.

पण तुम्ही घेणारच, मीही घेतला होता. एचकेएसच्या मागे एक खाचांची घुंडी असते. काडतुसं चेंबरच्या तोंडाशी नेऊन ती फिरवली की सहाही एकदम सुटतात आणि स्वतःच्या वजनाने आत पडतात. त्यामुळे नळी अगदी सरळ जमिनीकडे हवी. नळी तिरकी राहिली की दोन आत, चार अर्धवट, असला प्रकार होतो. या लोडरमध्ये काडतुसं जरा डुलतात. पुष्कळांना तो दोष वाटतो, मला वाटत नाही. एखाद्या गोळीचं नाक चेंबरच्या काठाला अडलं तर ती डुलत असल्यामुळेच किंचित हलवून आत घालता येते. हा लोडर खूप मॉडेलांसाठी मिळतो, ही त्याची मोठी जमेची बाजू.

सफारीलँडमध्ये सोडताना काही फिरवायचं नसतं. लोडरचा मधला भाग सिलिंडरच्या मधोमध असलेल्या, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीवर टेकवून दाबला की काडतुसं सुटतात. ढकलणं आणि सोडणं ही एकच हालचाल, म्हणून घामेजल्या हाताला तो सोपा जातो. काडतुसं घट्ट बसतात, त्यामुळे सहाही तोंडं नीट जुळवावी लागतात. कॉम्प वन, टू आणि थ्री अशा त्याच्या आवृत्त्या आहेत. थ्री आकाराने मोठा आणि स्प्रिंग जोरकस. स्पर्धेत कमरेच्या पट्ट्याला लावायला तो उत्तम, खिशात मात्र आंब्याच्या कोयीसारखा बोचतो.

रबरी पट्टी ही स्पीडलोडरची गरीब बहीण नव्हे, तिचं काम वेगळं आहे. पट्टीत काडतुसं एका ओळीत, कडांनी अडकवलेली असतात. दोन शेजारच्या चेंबरमध्ये दोन घालायची, पट्टी किंचित पिळून सोडवायची, मग पुढची दोन. गोल लोडरपेक्षा वेळ जास्त लागतो, पण ती खिशात चपटी राहते, आणि सहापैकी दोनच गोळ्या उडाल्या असतील तर तेवढ्या दोनच भरता येतात. मी सहाच्या पट्टीत मध्ये एक जागा मोकळी सोडते, म्हणजे बोटांना धरायला पकड मिळते.

एक चूक माझ्यासारखी करू नका. माझ्या पेटीत दोन लोडर दिसायला जुळे आहेत. एक मध्यम आकाराच्या सिलिंडरचा, दुसरा त्याहून थोड्या जाडीच्या सिलिंडरचा. काडतूस तेच, पण वर्तुळाचा घेर केसभर वेगळा. एका सरावात मी चुकीचा उचलला आणि पाच-सहा सेकंद तो सिलिंडरवर घासत बसले, वर तोंडाने लोडर बनवणाऱ्याचा उद्धार चालूच. तेव्हापासून एकाच्या घुंडीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. लोडर काडतूस बघून नाही, सिलिंडर बघून घ्यायचा.

आणि लोडरला शिव्या घालण्याआधी मुठीकडे बघा. डाव्या बाजूची मूठ जाडजूड असेल तर लोडर तिच्यावर आपटतो आणि काडतुसं तिरकी जातात. मुठीचा तेवढा भाग कानशीने उतरवला की पुष्कळदा तक्रार संपते. गोळीचा आकारही बघा. गोल नाकाची गोळी चेंबरमध्ये आपोआप शिरते. कागदी लक्ष्यावर सुबक भोक पाडणारी सपाट तोंडाची वॉडकटर मात्र प्रत्येक काठाला अडते.

प्रश्न : माझ्या दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पूर्ण बाहेर पडत नाहीत. तीन पडतात, दोन लटकतात. बोटाने ओढून काढाव्या लागतात. चेंबर खराब असतील का?

चेंबर खराब असण्याची शक्यता कमी. दोन इंची नळीखाली चांदणी उचलणाऱ्या इजेक्टर रॉडला जागाच कमी, म्हणून तो आखूड. पूर्ण दाबला तरी पुंगळी तिच्या संपूर्ण लांबीइतकी बाहेर येत नाही. .३८ स्पेशलची पुंगळी साधारण २९ मिलिमीटर, .३५७ मॅग्नमची साधारण ३३. उरलेलं अंतर पुंगळीने स्वतःच्या वेगाने कापायचं असतं, आणि तो वेग तुमच्या हातातून यायला हवा. रॉड हळूच, जपून दाबला की पुंगळ्या काठावर येऊन बसतात.

तेव्हा नळी आकाशाकडे करा. तिरकी नाही, सरळ वर. मग तळहाताने रॉडवर एकच फटका मारा, पूर्ण अंतर, एकदाच. अंगठ्याने दाबणारे अर्ध्यात थांबतात. माझे हात लहान आहेत, माझा अंगठा तिथवर धड पोचतही नसे, म्हणून मी सुरुवातीपासून तळहात वापरला. आता वयाप्रमाणे अंगठ्याचा सांधा कुरकुरतो, तेव्हा ती सवय आणखीच कामाला येते. पंप मारल्यासारखा रॉड दोन-तीनदा दाबू नका. का नाही, ते ऐका.

एका स्पर्धेत पहिल्या सहा गोळ्यांनंतर मी आघाडीवर होते. घाईत नळी पुरती वर केली नाही आणि रॉड अर्धवट दाबला. पाच पुंगळ्या पडल्या. सहावी अर्धी बाहेर आली, चांदणी परत खाली बसताना तिच्या कडेवरून घसरली आणि पुंगळी चांदणीच्या खाली गेली. आता गंमत बघा: चांदणी वर उचलली तर ती पुंगळीला पकडत नाही, कारण पुंगळीची कडा तिच्या खाली आहे. पुंगळी ओढावी तर चांदणी आडवी येते. सिलिंडर बंद होत नाही. चांदणी एका हाताने वर धरून नखाने ती पुंगळी उपसेपर्यंत स्पर्धा संपली होती. नखही गेलं. त्या दिवशी माझ्या पट्ट्यावर चार भरलेले लोडर होते, चकचकीत, एकदम तयार.

म्हणून म्हणते, रिव्हॉल्व्हर भरण्यात वेळ जात नाही, रिकामं करण्यात जातो. हे जुन्या कारागिरांनाही ठाऊक होतं. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये (यात दर गोळीआधी घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा भाग, अंगठ्याने मागे ओढावा लागतो) एकेक पुंगळी कांडीने ढकलून काढावी लागे. रशियाच्या १८९५ च्या नागांतमध्ये गोळ्या सात, पण काढायची तऱ्हा तीच, एकेक. वेब्लीसारखी मधून मोडणारी रिव्हॉल्व्हरं उघडली की चांदणी आपोआप वर येऊन सगळ्या पुंगळ्या एकदम फेकी. सिलिंडर बाजूला उघडणारं रिव्हॉल्व्हर कोल्टने १८८९ मध्ये आणलं. स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये आपलं आणलं तेव्हा त्याला नाव काय दिलं? हँड इजेक्टर. म्हणजे हाताने पुंगळ्या बाहेर फेकणारं. नाव भरण्यावरून नाही ठेवलं.

तुमच्या चेंबरबद्दल एकच शंका उरते. रिव्हॉल्व्हर .३५७ चं असेल आणि तुम्ही त्यात सतत .३८ वापरत असाल, तर आखूड पुंगळीच्या तोंडाशी चेंबरमध्ये काजळीचं कडं जमतं. मग एखाद्या दिवशी लांब .३५७ घातलं की ते त्या कड्यात रुतून बसतं. चेंबरच्या ब्रशने ते कडं खरवडून काढा. नळी चकचकीत आणि चेंबर काळे, असं रिव्हॉल्व्हर मला दर आठवड्याला कोणीतरी कौतुकाने दाखवायचं.

प्रश्न : मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद केला तर वेळ वाचतो का?

नाही. सिलिंडर ज्या आडव्या हातावर फिरतो तो हात वाकतो, मग सिलिंडर नळीशी नीट जुळत नाही आणि बंदूकसाजाकडे खेपा सुरू होतात. अंगठ्याने दाबून बंद करा. शिकाऊ मुलगा असा झटका द्यायचा तेव्हा आमचे उस्ताद काही बोलत नसत. नुसतं रिव्हॉल्व्हर काढून घेत आणि त्याला बाकावर बसवत.

प्रश्न : रिव्हॉल्व्हर उजव्या हातातच ठेवून डाव्याने भरावं की डाव्या हातात देऊन उजव्याने? आणि मी डावखुरी आहे, मला कोणीच नीट सांगत नाही.

उजव्या हाताच्यांचं आधी उरकते. जुनी पद्धत अशी: उजव्या अंगठ्याने सिलिंडर उघडायचा खटका दाबायचा आणि रिव्हॉल्व्हर डाव्या पंजात द्यायचं. डाव्या हाताची मधली दोन बोटं चौकटीतून घालून सिलिंडर बाहेर ढकलायचा आणि तसाच धरून ठेवायचा. नळी वर, रॉडवर फटका, नळी खाली. मग उजवा हात पट्ट्यावरचा लोडर काढून भरतो. नाजूक काम कुशल हाताकडे जातं, हा तिचा फायदा. भीतीने किंवा थंडीने बोटं बधिर असतील तर ती उपयोगी पडते. तोटा एवढाच की रिव्हॉल्व्हर दोनदा हात बदलतं.

दुसऱ्या पद्धतीत रिव्हॉल्व्हर उजव्या हातातून हलतच नाही. डावा तळहात रॉडवर आपटतो आणि डावाच हात लोडर आणतो. स्पर्धेतले वेगवान लोक बहुधा असंच करतात, कारण पकड पुन्हा जमवावी लागत नाही. लोडर अर्थातच पट्ट्याच्या डाव्या बाजूला लावायचे. हे इतकं उघड असून मी लोकांना उजव्या खिशात डावा हात घालण्याची कसरत करताना पाहिलंय.

मी नवख्याला पहिली शिकवते. वर्षभराने त्याने दुसरी करून बघावी. दोन्हींची खिचडी मात्र करू नये. एक दिवस ही, एक दिवस ती, असं केलं की ऐन वेळी हातांचं आपसात भांडण होतं.

आता तुमचं. खटका डाव्या बाजूला आणि सिलिंडरही डावीकडेच उघडतो, म्हणून तुम्हाला वाटतं यंत्र तुमच्यावर रुसलंय. तसं नाही. रिव्हॉल्व्हर डाव्या हातातच ठेवा. डाव्या तर्जनीने खटका दाबा, नाहीतरी ती चापापासून बाहेर काढायचीच असते. तुमचा डावा अंगठा उजव्या बाजूला असतो. त्याने सिलिंडर बाहेर ढकला आणि अंगठा चौकटीच्या खिडकीतच राहू द्या. नळी वर, उजव्या तळहाताचा फटका, नळी खाली, आणि उजव्या हाताने लोडर. माझ्या एका डावखुऱ्या विद्यार्थिनीला हे जमलं तेव्हा तिच्या रांगेतले उजवे तिच्याकडे बघत राहिले होते.

खटक्याचं एक लक्षात ठेवा. स्मिथ अँड वेसनचा पुढे ढकलायचा, कोल्टचा मागे ओढायचा, रुगरच्या डबल ॲक्शन (घोडा न ओढता नुसत्या चापाने चालणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचा आत दाबायचा. उसनं रिव्हॉल्व्हर घेऊन स्पर्धेला उभं राहायची वेळ आली तर आधी रिकाम्यावर दहा वेळा उघडून बघा.

प्रश्न : पट्टीने दोनच गोळ्या भरल्या आणि सिलिंडर बंद केला, तर पुढच्या वेळी नुसता खट् असा आवाज आला. गोळ्या आत होत्या!

आत होत्या, पण चुकीच्या बाजूला. चाप ओढला की आधी सिलिंडर फिरतो, मग घोडा पडतो. म्हणजे आत्ता वर असलेलं चेंबर उडतच नाही, शेजारचं उडतं. कुठल्या बाजूचं? मागून बघताना स्मिथ अँड वेसनचा आणि रुगरच्या डबल ॲक्शनचा सिलिंडर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, तेव्हा पुढची गोळी वरच्या चेंबरच्या उजवीकडे हवी. कोल्टचा घड्याळाच्या दिशेने फिरतो, तेव्हा डावीकडे. तुमच्या रिव्हॉल्व्हरची दिशा रिकाम्या सिलिंडरवर एकदा बघून ठेवा.

प्रश्न : मून क्लिप हा स्पर्धावाल्यांचा शोध आहे ना? रोजच्या सरावाला त्या घ्याव्यात का?

मून क्लिप म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी पोलादी चकती. शोध लढाईचा आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला .४५ चं एम १९११ पिस्तूल पुरेसं मिळेना. म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडून त्याच काडतुसाची रिव्हॉल्व्हरं करून घेतली. तीच ही एम १९१७, दोघांची मिळून सुमारे तीन लाख. अडचण अशी की पिस्तुलाच्या .४५ एसीपी काडतुसाला रिव्हॉल्व्हरसारखी बाहेर आलेली कडा नसते. चांदणी पकडणार कशाला? मग अर्धचंद्राच्या आकाराची पोलादी क्लिप काढली, एकीत तीन काडतुसं. दोन क्लिपा आत टाकल्या की सहा भरल्या, आणि रिकाम्या पुंगळ्याही तीन-तीनच्या जुडीने बाहेर. कोल्टच्या सुरुवातीच्या एम १९१७ मध्ये चेंबर सरळ आरपार होते, त्यात क्लिपशिवाय काडतूस आत कुठे थांबेल याचा नेमच नव्हता. पुढे १९२० मध्ये क्लिप नको असलेल्यांसाठी जाड कडेचं .४५ ऑटो रिम काडतूस आलं.

पूर्ण वर्तुळाची क्लिप नंतरची. तिच्याइतकं वेगवान मला काहीच माहीत नाही. का, ते तुम्ही आता ओळखलं असेलच: तिच्यात पुंगळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून एकही मागे राहत नाही आणि चांदणीखाली जायचा प्रश्नच नाही.

पण क्लिप वाकते. पातळ पोलादाची, खिशात किल्ल्यांबरोबर पडली, कोणाच्या बुटाखाली आली, की संपलं. वाकलेल्या क्लिपमुळे सिलिंडर घासत फिरतो किंवा फिरतच नाही. मी सरावाआधी प्रत्येक क्लिप सपाट काचेवर ठेवून बघते. जी डुगडुगते ती कचऱ्यात. मारून सरळ केलेली क्लिप मी दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा पस्तावले. शिवाय क्लिपमधून पुंगळ्या काढायला वेगळं हत्यार लागतं. ते नसेल तर संध्याकाळभर बोटं सोलत बसा. आणि रिव्हॉल्व्हर क्लिपसाठी बनवलेलं किंवा सिलिंडर मागून तसा छाटलेला हवा. साध्या सिलिंडरवर क्लिप बसत नाही. तुमच्याकडे आधीच तसं रिव्हॉल्व्हर असेल तर बेलाशक वापरा, नसेल तर केवळ क्लिपसाठी सिलिंडर छाटून घेऊ नका.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या धर्तीच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये सहा चेंबर आहेत, पण जाणते पाचच भरायला सांगतात.

जाणते बरोबर सांगतात. १८७३ च्या कोल्टच्या धर्तीवरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या प्राइमरवर टेकू शकतं. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर गोळी सुटते. म्हणून एक भरा, एक सोडा, चार भरा, मग घोडा पूर्ण मागे ओढून अंगठ्याने सांभाळून खाली आणा. असं केलं की तो रिकाम्या चेंबरवर येतो. हे नळी सुरक्षित दिशेला धरूनच करायचं. रुगरने १९७३ मध्ये आपल्या नव्या सिंगल ॲक्शनमध्ये घोडा आणि आघाताची पिन यांच्या मधे येणारी धातूची पट्टी बसवली. चाप ओढलेला नसेल तर घोडा आघातच करत नाही, त्यात सहा भरता येतात. आजोबांचं कुठल्या प्रकारचं आहे हे बंदूकसाजाकडून पक्कं करून घ्या. तोवर पाच.

प्रश्न : हलकं .३५७ आहे. चार गोळ्या नीट सुटल्या, पाचव्या वेळी चाप ओढलाच जाईना. सिलिंडर जाम. उघडतही नव्हता.

जोर लावला नाहीत हे चांगलं केलंत. (लावला असेल तर पत्रात लिहिलं नाहीत.) असं झालं की नळी लक्ष्याकडेच ठेवायची, बोट चापाबाहेर, मोकळा हात वर, आणि रेंज अधिकाऱ्याला हाक. चौथ्या गोळीचा आवाज फुसका वाटला होता का, हे आठवून बघा. वाटला असेल तर गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, अर्धी चेंबरमध्ये अडकलेली असू शकते. मग ते काम बंदूकसाजाचंच.

आवाज नीट होता असं धरलं, तर हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये माझा पहिला संशय दुसऱ्याच गोष्टीवर. मॅग्नमच्या धक्क्याने रिव्हॉल्व्हर झटकन मागे येतं, पण न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या जागीच राहू बघतात. पुंगळीचं तोंड गोळीभोवती नीट आवळलेलं नसेल तर गोळी इंचाच्या अंशाने पुढे सरकते, सिलिंडरच्या पुढून डोकावते आणि चौकटीला अडते. पुढच्या वेळी चार उडवून पाचवं न उडवता बाहेर काढा आणि नव्या काडतुसाशेजारी उभं करून लांबी ताडा. वाढली असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरला नको.

बाकी कारणं पटापट सांगते. चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचतात. म्हणूनही रिकामं करताना नळी वर, म्हणजे कचरा मागच्या बाजूला पडतो. चांदणी उचलून तिच्याखाली जुना दात घासायचा ब्रश फिरवा, तेल ओतू नका, तेलात कण चिकटतात. इजेक्टर रॉडचा आटा सैल झाला की रॉड लांबतो आणि सिलिंडर उघडत नाही. प्राइमर वर आलेला असला तरी सिलिंडर घासतो.

प्रश्न : किती सेकंदांत भरता आलं पाहिजे? वेगवान नेमबाज जेरी मिक्युलेकचं पाहून मन खचतं.

त्याचं पाहून सगळ्यांचंच खचतं. १९९९ मध्ये त्याने सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा एकाच लक्ष्यावर मारल्या, सगळं मिळून २.९९ सेकंदांत. रिव्हॉल्व्हर .४५ चं स्मिथ अँड वेसन ६२५, मून क्लिपवालं. तो आकडा भिंतीवर लावा, वहीत नको.

वहीत हे लिहा. बनावट (दारू नसलेली) काडतुसं घ्या, खरी दुसऱ्या खोलीत कुलपात. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी बघा. मग नुसतं रिकामं करण्याचा सराव करा: उघडा, नळी वर, फटका. भरूच नका. वीस वेळा. सहाही पडल्या तर एक खूण, एक जरी अडकली तर फुली. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत पहिल्या आठवड्यात फुल्यांचीच रांगोळी असायची. सलग वीस खुणा आल्याशिवाय मी लोडरला हात लावू देत नसे, आणि घड्याळ त्यानंतर. भरताना नजर सिलिंडरवर टाकायला लाजू नका, एक कटाक्ष पुरतो. रिकामा लोडर मात्र परत खिशात ठेवायला जाऊ नका. खाली मऊ चादर अंथरा आणि पडू द्या.

प्रश्न : मी रिकाम्या पुंगळ्या तळहातात झेलून खिशात टाकतो, रेंज स्वच्छ राहते. मित्र म्हणतो, या सवयीने एका पोलिसाचा जीव गेला. खरं का?

मित्र न्यूहॉलबद्दल बोलतोय. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉलजवळ काही मिनिटांच्या चकमकीत हायवे पेट्रोलचे (महामार्ग पोलीस दलाचे) चार अधिकारी मारले गेले. त्यांतल्या एकाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, सरावातल्या सवयीने त्याने त्या खिशात टाकल्या होत्या, ही गोष्ट तेव्हापासून शिकवणीच्या वर्गांत सांगितली जाते. मीही वर्षानुवर्षं सांगितली. पुढे घटनास्थळाच्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्यांनी ती दंतकथा असल्याचं म्हटलं, तेव्हापासून मी थांबवली. तो अधिकारी सुटी काडतुसं एकेक करून भरत होता, त्याच्याकडे स्पीडलोडर नव्हता, आणि या घटनेनंतर त्या दलाने स्पीडलोडर स्वीकारले, एवढं मी सांगते.

तरी तुमची सवय मोडाच, त्या गोष्टीची गरज नाही. पुंगळ्या झेलायच्या तर नळी वर करता येत नाही आणि फटकाही मारता येत नाही. तुम्ही रॉड हळू दाबत असणार. मग एखादी पुंगळी चांदणीखाली जाते, आणि वर सांगितलेलं माझं नख आठवा. आमच्या रेंजवर खराटा आणि पत्र्याचा डबा दाराशीच असायचा. गोळीबार थांबून सगळ्यांची हत्यारं रिकामी, उघडी बाकावर आली की उस्ताद स्वतः झाडायला घ्यायचे, आणि पुंगळ्या कोणत्या जागेखाली किती दूर पडल्यात ते बघून कोणी रॉड अर्धवट दाबला हे बिनचूक सांगायचे.